न दिलेले चार फेरे

किल्ली अर्ध्या आगकाडीएवढी असेल नसेल, पण नव्या डॉक्टरांनी ती काचेच्या बशीत ठेवली तेव्हा झालेला आवाज पंचफुलाला थेट दातांत ऐकू आला. डाव्या हातानं ठेवली. म्हणजे हा माणूस डावखुरा, आता हे आणखी एक... भगवंतराव डॉक्टर उजवीकडून यायचे, तपकिरीचा वास घेऊन यायचे. आधी मळ्यातल्या मेथीची चौकशी करायचे, मग म्हणायचे, "दुखत नाही," आणि मग खरंच दुखत नसे. किंवा दुखायचं, पण तसं म्हणायची सोय नसायची. हे मदनसिंग डॉक्टर तर बोलतच नव्हते. मुकाट्यानं हात धूत होते, आणि हात धुवायला माणसाला वेळ तरी किती लागावा.

वाशीमच्या या दातांच्या दवाखान्याच्या माडीवर ती मागल्या दिवाळीपासून येत होती, मालेगावहून मोटारीनं, माय गोजराबाईबरोबर. वरचा जबडा अरुंद, म्हणून पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, आणि ते झाकायला तोंडावर सदा हात. मळ्यात निंदणी करणाऱ्या बायका काही गमतीचं सांगायच्या आधीच म्हणायच्या, "पंचफुले, हात धर व तोंडावर." भाजी घ्यायला आलेल्या भगवंतरावांनी तो हात एक दिवस सरळ खाली ओढला होता. मग टाळूला बसणारी तांबड्या कडक रबराची पट्टी झाली, तिच्या मधोमध बारीक स्क्रू. दर आठवडी बाजाराच्या दिवशी घरी मायनं किल्लीनं पाव फेरा द्यायचा, की पट्टी केसभर रुंदावणार आणि दातांना जागा होणार. पुढच्या दिवाळीला दात ओळीत, असा शब्द दिला होता त्यांनी. आणि चैत्रात गेले निघून फौजेत. माणूस गेल्यावर त्याच्या शब्दाचं काय होतं? ही खुर्ची जशी नव्या डॉक्टरांकडे आली तसा तो आला असेल का त्यांच्याकडे... की जाताना नेला असेल, ट्रंकेत, कपड्यांच्या घड्यांत?

माडीला तेव्हापासून कुलूप होतं. आज उघडी मिळाली ती बारा बाजार उलटल्यावर.

मदनसिंगांनी भगवंतरावांच्या हातचा कागद उजेडाकडे धरून वाचला. मग तिची पट्टी बसवून पाहिली, काढली, पुन्हा बसवली. ती टाळूला टेकतच नव्हती, खाली अधांतरी राहत होती.

"किल्ली बाराही वेळा फिरवली?" त्यांनी गोजराबाईला विचारलं.

"हो ना, डाक्तरसाहेब. एकबी बाजार चुकला नाई."

मायच्या आवाजात इतकी घाई होती की पंचफुलानं डोळे मिटले. कारण चुकले होते. चार चुकले होते. जेठात धोंड्याचा महिना आला, आणि मायच्या मनानं घेतलं की अधिक महिन्यात लेकराच्या हाडाला हात लावू नये. दर फेरा म्हणजे एक नवं काम, आणि नवं काम या महिन्यात कुणी करतं का? पट्टी धुऊन, धडप्यात गुंडाळून तिनं देवळीत ठेवली, देवांच्या शेजारी. महिनाभर पंचफुलानं पोटभर मुरमुरे खाल्ले, स्वच्छ बोलली, सुखात राहिली. महिना सरल्यावर पट्टी बसेना, तेव्हा मायनं ती अंगठ्यानं दाबून बसवली आणि फेरे पुन्हा सुरू केले, जणू मधे काही झालंच नाही.

"बारा फेऱ्यांनंतर दात होते त्यापेक्षा मागे," मदनसिंग कागदावर बोट ठेवून म्हणाले. "म्हणजे हाड ऐकत नाही. मग या पट्टीचा मुलीला उगाच त्रास कशाला? काढून ठेवू."

काढून ठेवू. किती हळू म्हणाले... रागावले असते तर बरं झालं असतं, रागाला खाली मान घालता येते. पण हे तर सगळंच संपवत होते. बायका पुन्हा म्हणणार, हात धर. जन्मभर धरायचा? आणि हाड कुठं ऐकत नाही, हाड तर ऐकत होतं, आम्हीच... पण मी कशी सांगू? मायच्या समोर, मायलाच खोटं पाडून? तिनं तर माझ्यासाठीच केलं, आणि आता भिऊन बोलली तेही माझ्यासाठीच. माय पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. भगवंतराव असते तर त्यांनी विचारलंच नसतं. स्वतःच सांगितलं असतं काय झालं ते, आणि आपण मान डोलावली असती. या माणसाला मात्र काही माहीतच नाही. आपण सांगितल्याशिवाय त्याला कळणार तरी कसं?

"चार फेरे चुकले," पंचफुला म्हणाली. "धोंड्याचा महिनाभर पट्टी तोंडात नवतीच."

मायनं पदराची गाठ सोडून दिली. मग कुठल्या तरी खोल आवाजात म्हणाली, "म्याच काढली, साहेब. पोरीचा गुना नाई त्याच्यात."

मदनसिंगांनी कागद खाली ठेवला. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

"महिनाभरात एवढे मागे गेले? मग चांगलं आहे, बेटी. हाड अजून कोवळं आहे. मागे जातं ते पुढेही येईल."

आणि पट्टी हातात घेऊन त्यांनी किल्ली उलटी फिरवली. एकदा, दोनदा... भगवंतरावांनी कधी उलटी फिरवली नव्हती, एवढे महिने सोसलेलं असं डोळ्यांदेखत परत जात होतं. पण पट्टी बसली. जोर न करता बसली.

"दिवाळीपर्यंत होतीन का दात सरळ?" मायनं भीत भीत विचारलं.

"सांगता येत नाही."

ते ऐकून खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पंचफुला वाईट वाटायची वाट पाहत राहिली, पण उलट छातीवरचं काहीतरी सैल झालं. ज्याला सांगता येत नाही तो तसं म्हणतो, म्हणजे सांगता येईल तेव्हा म्हणेल ते खरं असेल.

"कुठे लागतं?" मदनसिंगांनी विचारलं.

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं जीभ फिरवली, सावकाश, जणू आपलंच तोंड पहिल्यांदा पाहत होती.

"उजवीकडं. दाढेपाशी."

त्यांनी पट्टी काढली, तेवढी जागा कानशीनं घासली, पुन्हा बसवली, आणि हात धुवायला वळले. मायनं पिशवी उचलली, आभार मानायला हात जोडले. पंचफुला खुर्चीतून उठली नाही.

"थांबा, डाक्तरसाहेब," ती म्हणाली. "अजून एक जागा हाये."