चिठ्ठीविना दवंडी

“ऐका हो ऐका! दिवाणसाहेबांचा हुकूम! आजपासून मोठा तलाव सगळ्यांना खुला हो!”

जगन्नाथचा तो आवाज. हलगीच्या थापेवर झुलत यायचा, चिंचेच्या शेंड्यावरून महारवाड्यात उतरायचा. सत्तेचाळीस वर्षं झाली, तरी हेमचंद्रांच्या कानातून गेला नव्हता. अमेरिकेत, नोव्हाय गावच्या शाळेच्या हॉलमध्ये, मराठी मंडळाच्या दिवाळीला, सत्काराच्या खुर्चीत बसल्या बसल्याही तो आलाच.

तेव्हा हेमचंद्र सत्तावीस वर्षांचे होते. विलायतेहून ताजे ताजे आलेले, करंजगड संस्थानचे दिवाण. तिथली रीत अशी, की शिक्क्याची चिठ्ठी हाती पडल्याशिवाय दवंडीवाला हलगीला हात लावत नसे. जगन्नाथनं चिठ्ठी मागितली, तर तरुण दिवाण हसले होते. “माझा शब्द पुरत नाही होय रे?”

पुरला की. जगन्नाथनं गावभर हुकूम गाइला. महारवाड्यातल्या बाया घागरी घेऊन तलावावर गेल्या आणि फुटलेली डोकी घेऊन परतल्या. महाराजांनी भर दरबारात विचारलं, “कुणाचा हुकूम? कागद कुठंय?”

“मी असा हुकूम दिलेला नाही,” दिवाण म्हणाले.

जगन्नाथला चावडीपुढे पंचवीस फटके बसले. खोटी दवंडी दिली म्हणून जिभेला डाग दिला. घर गेलं, गाव गेलं. दोन वर्षांनी महाराज वारले. नव्या महाराजांच्या मर्जीनं हेमचंद्रांनी तोच तलाव शिक्क्यानिशी खुला केला आणि पेपरात त्यांचा फोटो आला.

माइकवर आता नात होती, विनीता. “माझे आजोबा ट्वेंटी-नाइन होते, तेव्हा त्यांनी तलाव सगळ्यांना ओपन केला. आय ॲम सो प्राउड.”

टाळ्या पडल्या. हेमचंद्रांचा मुलगा उल्हास त्यांच्या खांद्यावर शाल घालायला पुढे झाला, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून धर्मराज उठले. त्याच्याच ऑफिसातले इंजिनिअर, छप्पन वर्षांचे. काखेत जुनी हलगी.

“धर्मराज, यार, प्रोग्रॅम चालू आहे. नंतर बोलू.”

“सत्तेचाळीस वर्षं नंतरच चाललंय, उल्हास.” धर्मराजांनी हलगी टेबलावर नारळाशेजारी ठेवली. “दिवाणसाहेब, मी जगन्नाथचा मुलगा. तुम्ही इथं राहता, हे आजचं आमंत्रण वाचून कळलं. बाबांना पुन्हा नीट बोलताच आलं नाही. आई मरेपर्यंत म्हणायची, तुझ्या बापानं पदरचं सांगितलं म्हणून आपलं घर बुडालं. बाबा ऐकत बसायचे. एवढंच सांगा, माझा बाप खोटं बोलला होता? हो म्हणालात, तर शाल मी माझ्या हातानं घालतो.”

हेमचंद्रांनी नातीकडे पाहिलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी विसरायला माणसाला मुभा असते.

“फार वर्षं झाली हो. आठवत नाही.”

लोकांचा जीव भांड्यात पडला. कुणी म्हणालं, “वय झालंय त्यांचं.” धर्मराजांनी मान हलवली, हलगी उचलली आणि जाता जाता तिच्यावर एकच थाप मारली. तीच थाप.

विनीता खाली वाकली. “पण आजोबा, काल तर तुम्ही मला करंजगडच्या पागेतल्या सगळ्या घोड्यांची नावं सांगितली. ऑल फोर्टीन.”

तिच्या हातातला माइक चालूच होता. दारापर्यंत गेलेले धर्मराज थांबले. उल्हासनं माइक घ्यायला हात पुढे केला, पण म्हाताऱ्यानं तो आधी धरला.

“हुकूम माझाच होता,” हेमचंद्र म्हणाले. “तुझ्या बापानं चिठ्ठी मागितली होती. दोनदा मागितली. ती मी मुद्दाम दिली नाही. उलटलं असतं, तर फटके खायला माझ्याऐवजी कुणीतरी हवं होतं.”