न हलणारा ओटा

"हा ओटा पुन्हा हलला. आज तिसऱ्यांदा पेशी सुटली."

बाई माझ्यावर कोपर टेकून पुटपुटल्या. मित्रांनो, मी एक जुना दगडी ओटा आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, प्रयोगशाळेतला. माझ्यावर कधी कुणी भाजी चिरली नाही.

मला मिस्त्रींनी घडवलं. वीतभर जाड काळी फरशी आणि तिच्याखाली स्कूटरच्या हवा भरलेल्या चार ट्यूब. जमिनीची थरथर त्या हवेतच जिरते. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी माझ्यावर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी ठेवली आणि शेजारी दणादण उड्या मारल्या. पाणी जागचं हललं नाही.

"आमच्या सासूबाई मुक्कामाला आल्या की अश्शा बसतात," मिस्त्री म्हणाले. बाई हसून हसून खालीच बसल्या.

बाई भौतिकशास्त्र शिकलेल्या, पण त्यांचा जीव रक्तात. निरोगी तांबडी पेशी मऊ असते. अंग चोरून बारीकशा रक्तवाहिनीतूनही निघून जाते. काही आजारांत ती ताठ होते, अडकते आणि माणूस वेदनेनं कळवळतो. बाई काचेच्या सुईनं अशा पेशीची कड हलकेच ओढून धरत आणि ती किती ताणली जाते ते मोजत. औषध लागू पडतंय का, हे शेजारच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना त्यावरून कळे.

बावीस वर्षं हे चाललं. पाहुणे यायचे, सूक्ष्मदर्शकाचं तोंडभर कौतुक करायचे. मला कोण विचारतो? बाई मात्र घरी निघताना माझ्या कडेवरून हात फिरवायच्या.

गेल्या वर्षी त्या हातात बारीक थरथर आली. जमिनीची थरथर ट्यूब जिरवतात, पण वरून आलेली मी कुठे जिरवू?

बाईंनी तक्रार केली की मिस्त्री पंप घेऊन यायचे आणि टम्म भरलेल्या ट्यूबमध्ये आणखी हवा भरायचे. वाटी मात्र कधी आणली नाही. "दगड म्हातारा झालाय बाई," म्हणायचे. ज्यांनी घडवलं त्यांनीच माझी बदनामी केली. मला राग आला नाही, कारण बोलताना ते बाईंच्या हाताकडे बघायचं टाळत. बाईंच्या घरी म्हणे लेकीनं सगळे कप बदलले. जुन्या कपांचे कान बारीक होते, चहा सांडायचा.

आता नवा ओटा यायचाय. मला फोडून बाहेर काढायचं ठरलंय. जाता जाता एक मागणं आहे, मित्रांनो. घरातली चांगली वस्तू अचानक सारखी बिघडू लागली, तर तिला नावं ठेवण्याआधी तिच्यावर टेकलेला हात एकदा आपल्या हातात घ्या.

तर आज पेशी सुटली तेव्हा धाकटी, म्हणजे बाईंची विद्यार्थिनी, शेजारी वही घेऊन उभी होती. ती चाचरत म्हणाली, "डॉक्टरीणबाई विचारतायत, जिचं हे रक्त आहे त्या पोरीला उद्या पुन्हा टोचायचं का? सहा वर्षांची आहे. शीर सापडत नाही तिची."

तक्रार ऐकून आलेल्या मिस्त्रींनी पंप उचलला.

"ठेवा तो," बाई म्हणाल्या. "वाटी आणा."

"कशाला आता?"

"आणा म्हणते ना."

काठोकाठ भरलेली वाटी माझ्यावर ठेवली गेली.

"मारा उड्या."

"गुडघे गेलेत हो माझे."

"मारा."

मिस्त्रींनी जमतील तशा चार उड्या मारल्या. पाणी आरशासारखं स्थिर. मग बाईंनी कोपर रोजच्या जागी टेकलं. पाण्यावर वर्तुळं उठली आणि एक थेंब काठावरून ओघळून माझ्यावर पडला.

"एखादी ट्यूब गळत असेल," मिस्त्री खाली बघत म्हणाले.

बाईंनी हात उचलला नाही. "बाटलीत अजून चार थेंब रक्त आहे. सुई तू धर, धाकटे."

"पण बाई, ओटा..."

"ओट्याला काही झालेलं नाही. माझा हात कापतोय."