लांबवलेला सूर

आमच्या गास गावात लग्नाच्या रिसेप्शनला केक कापून झाला की लोक खुर्च्या मागे ओढतात. कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक असतं. आता प्लासिड आणि मर्लिन टँगो करणार. प्लासिड माझा नवरा, वय एकाहत्तर. मर्लिन मी, आणि माझं वय कोणी विचारलेलं मला आवडत नाही.

तरुणपणी वांद्र्याला गॅरेजात कामाला असताना प्लासिड हा नाच शिकून आला आणि आमच्या केळीच्या वाडीत त्याने तो मला शिकवला. शिकवला कसला, ओरडला. एक-दोन-तीन-चार मोजत मला खेचायचा, गरकन फिरवायचा आणि शेवटी एका हातावर इतकं मागे वाकवायचा की माझे केस जमिनीला टेकायचे. तेवढा वेळ बँडवाला सिप्रियन ट्रम्पेटवर एकच सूर धरून ठेवायचा. केस टेकले की सूर सुटायचा आणि टाळ्या पडायच्या. पंचेचाळीस वर्षं हे असंच चालत आलं.

गेल्या वर्षी प्लासिडचा उजवा गुडघा बदलला. पुढे पुतणीचं, सुरुचीचं, लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, "या खेपेला नुसतं फिरू. वाकवू नकोस मला."

"मग लोक काय बगनार? तुझी साडी?" तो फणकारला. थोड्या वेळाने आपणच हळू आवाजात म्हणाला, "एकदा नाय जमलं ना मर्लिन, तर परत कोन बोलावनार नाय."

ते मला फार लागलं. नाच गेला तर हा माणूस दिवसभर खुर्चीत बसून कुरकुरणार, आणि नाचताना पडला तर खुर्चीतूनही उठणार नाही. मला दोन्हीची भीती वाटत होती.

शेवटी त्याला न सांगता मी सिप्रियनच्या घरी गेले. म्हटलं, "तो शेवटचा सूर गाळून टाक. सूरच नसला तर तो वाकवणार कधी?"

सिप्रियन ट्रम्पेट पुसत होता. त्याला हसू आवरेना. "मर्लिनबाय, काल प्लासिड येऊन गेला. बोलला, सूर दुप्पट लांबव, आता खाली वाकायला टाइम लागतो. मी कोनाचं ऐकू?"

रागवावं की रडावं, मला कळेना. घरात एवढा तोरा, आणि इथे गुपचूप येऊन वेळ मागून गेला होता! माझं मागणं तिथेच सोडून मी घरी परतले.

लग्नाच्या दिवशी खुर्च्या मागे सरकल्या. आम्ही उभे राहिलो. प्लासिड छोटी छोटी पावलं टाकत होता. गुडघ्यामुळे असेल, पण प्रत्येक वळणाला तो माझा पाय येईपर्यंत थांबत होता. त्याचं ते एक-दोन-तीन पुटपुटणंही बंद होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कोणी ओढलं नाही. मला त्या नाचात इतकं बरं वाटलं की भीतीच विसरायला झालं.

मग तो सूर आला. प्लासिडचा हात माझ्या पाठीवर गेला. तो वाकला आणि त्याचा उजवा पाय थरथरला. मी मागे झुकायला हवं होतं. मी झुकले नाही. दोन्ही पाय घट्ट रोवले आणि त्यालाच छातीशी ओढून घेतलं. त्याचा सगळा भार माझ्यावर आला. प्लासिड काही हलका नाही. पण त्याने मला पंचेचाळीस वर्षं तोललं, मला एक सूरभर त्याला तोलता येऊ नये?

त्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी सिप्रियनकडे पाहिलं. त्याची नजर आमच्याच पायांवर होती. चेहरा लालबुंद झाला होता, तरी तो सूर सोडत नव्हता. प्लासिडचा पाय स्थिरावला तेव्हाच त्याने ट्रम्पेट ओठांवरून काढलं. टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि मग थांबेचनात.

सुरुची डोळे पुसत धावत आली. "आंटी, ही स्टेप कुठली? आधी कधीच केली नव्हती तुम्ही!"

"जुनीच हाय," प्लासिडने छाती फुगवली. "तुमी कधी बगितली नाय." माझं कोपर मात्र त्याने अजून सोडलं नव्हतं. त्याने हळूच माझ्याकडे पाहिलं.

"हो गं, जुनीच," मी म्हटलं. "फक्त जमायला पंचेचाळीस वर्षं लागली."