शून्यावर टेबलाचं राज्य

कलत्या उन्हाचा केशरी पदर मोतीबंदरावर पसरला होता. निळ्या निळ्या लाटा येत होत्या, फेसाळत फेसाळत परतत होत्या. गावाचा हंगाम संपला, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

खाडीवर नवा पूल झाला आणि मौजेची गर्दी पलीकडच्या किनाऱ्याला पळाली. एकेक कॅसिनो मिटला. ‘रत्नमहाल’ तेवढा उरला, तोही आजच्या सूर्यास्तापर्यंत. त्याच्या सहस्रदीप झुंबरात आता तीन दिवे लागत, आणि संगमरवरी कोरड्या कारंज्यात आचारी बांगडे वाळत घाली.

रुलेटच्या, म्हणजे लाल-काळ्या खणांच्या जुगारी चक्रापाशी, ते फिरवून त्यात गोळी सोडणारी द्रौपदी तांडेल उभी होती. नाव द्रौपदी, आणि वीस वर्षं पोट भरलं ते द्यूतावर! खेळ आटोपला की टाळी वाजवायची, रिते तळवे छतातल्या कॅमेऱ्याला दाखवायचे, हा तिथला नियम. तो तिच्या अंगात इतका मुरला होता की घरी भात वाढला तरी ती टाळी वाजवून तळवे दाखवी. नवरा म्हणे, “दिसला गो, काय लपवक नाय तू!”

उद्या दोघांना लेकाकडे नाशकाला जायचं होतं, कायमचं. सामान बांधून झालं होतं, होडीला गिऱ्हाईक मिळालं होतं. समुद्रावाचून जगायच्या कल्पनेने द्रौपदीचा जीव तुटत होता. पण लेकाचा आग्रह मोडायचा कसा, आणि नवऱ्याच्या मनात काय, हे विचारायचं तरी कसं?

तोच काचेच्या दारातून नवराच आत आला. नाव धर्माजी, पण उभ्या जन्मात त्याने पत्त्याला बोट लावलं नव्हतं. रक्तवर्णी गालिच्यावर वाळूची पावलं उमटवत तो आला आणि डोक्यावरची टोपी त्याने टेबलावर ठेवली.

“लाल इला तर नाशिक. काळा इला तर हयच. फिरव.”

चक्र फिरलं. लाल काळं, काळं लाल, लाल काळं. शुभ्रवर्णा गोळी नाचली, थिरकली, रुणझुणली. वीस वर्षांत द्रौपदीने कुठल्या रंगासाठी देव पाण्यात घातले नव्हते; आज घातले.

गोळी लाल चुकवून गेली, काळंही चुकवून गेली आणि एकुलत्या हिरव्या शून्यात जाऊन निजली.

“आता?” धर्माजी गडबडला.

“शून्य पडला की टेबल जिंकता. आणि आज टेबलावर मीच.”

“मगे टेबल काय म्हणता?”

“टेबल खंयच जावचा नाय.”

धर्माजीने तिच्या सराईत मनगटाकडे संशयाने पाहिलं. मग खो खो हसत सुटला. “बरा झाला गो! माझ्या तोंडातसून निघा नाय होता.”

टोपी नियमाप्रमाणे टेबलाची झाली. ती तिने स्वतःच्याच डोक्यावर चढवली. छतातला कॅमेरा कधीच काढून नेला होता, तिथे चिमणीचं घरटं होतं. तरी तिने टाळी वाजवली, त्या चिमणीला तळवे दाखवले. आणि त्या रित्या, रित्या तळव्यांवर मावळतं ऊन हळूहळू उतरत राहिलं.