फरक आढळला नाही

त्या सकाळी आई पायमोज्याचा जोडीदार शोधत घरभर फिरत होती. "तू धुतलेस म्हणजे एक हरवणारच," असं मला ऐकवून शेवटी तिने दोन रंगांचे दोन मोजे चढवले. शाळेतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी भूगोलाच्या बाईंचा आवाज शाबूत होता. हळू बोलणं तिला जमत नसे. त्या दिवशी मात्र ती हळू बोलली.

"काल सायकल मारताना छातीत आवळल्यासारखं झालं गं."

"मग आज जाऊ नकोस."

"भावाला विचारते."

भाऊ म्हणजे माझा डॉक्टर मामा. हृदयविकाराच्या रुग्णांसाठी त्याचं व्यायामकेंद्र आहे, आणि तिथेच तो संशोधनही करतो. आई तिथेच सायकल मारायला जाई. लहानपणी तो झाडावर सरसर चढायचा आणि उतरता येईना की 'ताई, ताई' करून आळी गोळा करायचा, ही गोष्ट आई येईल त्या पाहुण्याला सांगे. त्या भावाने फोनवर सांगितलं, "थकवा असेल गं, ताई. आपण अभ्यास केलाय ना! हळू चालणारे आणि दमेपर्यंत सायकल मारणारे, दोघांना होणाऱ्या त्रासात फरकच नाही. बिनधास्त जा."

पुढचं मला आईच्या शेजारच्या सायकलवरच्या काकूंनी सांगितलं. केंद्रातल्या प्रशिक्षकांना सगळे शिट्टीमास्तर म्हणतात. शिट्टी वाजली की वेग वाढवायचा. आई त्यांना म्हणाली, "मास्तर, आज जरा बेताने घेऊ का?"

"भिंत वाचा, बाई," मास्तर हसून म्हणाले. हा तिथला नेहमीचा विनोद होता. समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलं होतं : 'जोरकस व्यायाम तितकाच सुरक्षित. आमच्या संशोधनाने सिद्ध.'

आयुष्यभर मुलांना फळा वाचायला लावलेल्या बाईने भिंत वाचली आणि वेग वाढवला. पुढच्या शिट्टीला ती सायकलवरून घसरली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

शिकल्यासवरल्या लोकांत एक रूढी आहे. ती पाळताना कोणी तिला रूढी म्हणत नाही. 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटते, म्हणून 'आढळलं नाही' या शब्दांना 'नाहीच' असा अर्थ चिकटवायचा आणि तो दुसऱ्याच्या जिवावर वापरायचा. या रूढीला डोक्यावर पदर नसतो, पांढरा कोट असतो.

महिन्याभराने मामा-मामी घरी आले. आई गेल्यापासून मी मामाला अहो-जाहो करत होते. ते त्याला बोचत होतं, आणि बोचावं अशीच माझी इच्छा होती.

"नव्या दालनाला ताईचं नाव देतोय," तो म्हणाला. "उद्घाटन तुझ्या हातून. आणि हे पत्रक सगळ्या केंद्रांत जाणार आहे."

पत्रकावर आईचा हसरा फोटो होता आणि खाली भिंतीवरचंच वाक्य.

"मामा, तुमचा शोधनिबंध मी वाचला. त्यात 'सुरक्षित' कुठे लिहिलंय? 'लक्षणीय फरक आढळला नाही' एवढंच आहे."

"तेच ते."

"तेच कसं? अंधाऱ्या खोलीत एक काडी पेटवून साप शोधलात. दिसला नाही. म्हणून खोलीत साप नाही असं सांगून आईला आत पाठवलंत."

"हे बघ, शास्त्रात एक अट असते. मुळात फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक शंभरात पाचांहून कमी वेळा दिसणार असेल, तरच तो लक्षणीय मानायचा. आमचा फरक त्या अटीत बसला नाही."

"म्हणजे दिसला होता. अटीत बसला नाही, एवढंच."

मामीने कप बशीत आपटला. "घरचंच माणूस कोर्टात उभं करतेस की गं!"

"मामी, नसलेला फरक दिसल्यासारखा वाटू नये म्हणून हे लोक एवढे जपतात. असलेला फरक नजरेतून सुटू नये म्हणून कोण जपतं? माणसं किती मोजकी घेतली होती! एवढ्याशा माणसांत मोठा धोकासुद्धा लपून राहतो. आणि त्यांच्याच तक्त्यात अंदाजाची दोन टोकं दिलीत. जोरकस व्यायामाने धोका थोडा कमी झाला असेल, नाहीतर चौपट वाढलाही असेल. त्यामधलं काहीही असू शकतं. याला सुरक्षित म्हणतात?"

"एका मरणावरून निष्कर्ष काढत नसतात," मामा म्हणाला. "ताई माझीही होती."

"मी कुठे काढतेय? आई त्या सायकलमुळेच गेली, असं मी म्हणतच नाही. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नव्हतं. पण माहीत आहे असं तुम्ही तिला सांगितलंत. छातीत आवळतंय म्हणणाऱ्या बाईला तपासायचं सोडून तुम्ही तिला सरासरी ऐकवलीत."

"म्हणजे तू येणार नाहीस."

"येईन की."

उद्घाटनाला खुर्च्या कमी पडल्या. बरीच वडीलधारी मंडळी नव्या सायकलींवरच बसली. मधेच कोणाचा तरी पाय पॅडलवर पडे, साखळी किरकिरे आणि सगळे हसत. मंचामागे पडदा होता, त्यामागे आईचं नाव आणि ते वाक्य. मामाने दोरी माझ्या हातात दिली.

मी ती सोडून दिली.

"माझ्या आईचं नाव या वाक्यावर लागणार नाही," मी म्हणाले. "हे वाक्य खोटं आहे. अभ्यासाने जोरकस व्यायाम सुरक्षित ठरलेला नाही. घातक आहे, असंही ठरलेलं नाही. एवढ्या लहान अभ्यासातून ते कळणं शक्यच नव्हतं."

"अगं, आज तरी नको," मामी पहिल्या रांगेतून दबक्या आवाजात म्हणाली. शिट्टीमास्तर खाली बघत होते.

मग सायकलवर बसलेल्या त्याच काकूंनी विचारलं, "डॉक्टर, ही म्हणते ते खरं का? परवापासून मलाही जरा धाप लागते. मी उद्या सायकल मारू की नको?"

मामाने सवयीने भिंतीकडे हात केला. तिथे पडदा होता. हात तसाच हवेत राहिला.

"माहीत नाही, काकू," शेवटी तो म्हणाला. "आधी तपासायला हवं."

"मग हे त्या बाईंना सांगायचं होतंत," काकू म्हणाल्या आणि दांडा धरून खाली उतरल्या. त्यांच्यामागे एकेक जण उतरू लागला.

मामा मंचावर तसाच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला यातून सोडवावं असं त्याला वाटत होतं ते मला कळलं, आणि मी सोडवलं नाही. अडकला की जिला तो 'ताई, ताई' हाक मारायचा, तिचं नाव पडद्यामागे होतं.