हेबीबाईचा धुरा

दीपमालाला पार उटीला दिलं, तेव्हा लाखांदूरकडच्या साऱ्या सोयऱ्यांनी इश्वरला वेड्यात काढलं. धानाच्या मुलखातली पोरगी, तिकडच्या थंडीत कशी रुजायची? इश्वर वरवर हसला, पण तो प्रश्न त्याच्या मनात ठाण मांडून बसला. जावई गुणी होता, रोपवाटिकेत कामाला होता, सगळं खरं. पण बापाचं मन ते. पाठवणीच्या वेळी त्यानं अंगणातल्या तुळशीचं एक रोप लेकीच्या हाती दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून दिवसातून तीन-तीन फोन सुरू केले. जेवली का, स्वेटर घातलं का, तुळस कशी आहे. "मस्त आहे बाबा," ती दरवेळी म्हणायची.

दीड वर्षानं ती दिवाळीला आली, ती एक कुंडी मांडीवर घेऊनच. कुंडीत हेबे नावाचं झुडूप होतं. वीतभर उंच, जाडसर चकचकीत पानं, टोकाला जांभळे तुरे.

"माह्या घरापुढचं आहे, बाबा. तुमच्यासाठी आणलं. जपजा."

मंगलाबाईच्या, म्हणजे तिच्या आईच्या, जिभेवर ते नाव बसेना. तिनं त्याचं हेबीबाई करून टाकलं.

लेक परत गेली आणि इश्वरनं मनातल्या मनात एक पैज लावली. ही परमुलखातली बाई इथं जगली, तर आपली पोरगी तिथं जगेल. हा खुळेपणा आहे हे त्यालाही कळत होतं. पण कळला म्हणून खुळेपणा सुटतो थोडाच.

मग सेवा सुरू झाली. चाळीस वर्षं धान केलेला माणूस तो. जगवायचं म्हणजे बांध घालून पाणी थोपवायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं हेबीबाईला कुंडीतून काढून अंगणात लावलं आणि भोवती चिखलाचा गोल धुरा, म्हणजे बांध घातला, धानाच्या बांधीला, खाचराला घालतात तसाच, हातानं लिंपून गुळगुळीत केलेला. सकाळ, दुपार, संध्याकाळ तो आत पाणी भरायचा. एके दिवशी त्या पाण्यात बेडूक राहायला आला, तेव्हा तर त्याला धन्य वाटलं.

महिन्याभरात खालची पानं पिवळी पडली. त्यानं पाणी वाढवलं. पानं गळायला लागली. त्यानं आणखी वाढवलं. फोनवर मात्र, "मस्त आहे हेबीबाई."

"पोरीशी खोटं काहून बोलून राहिले?" मंगलाबाईनं एकदा धरलंच. "झाड मरून राहिलं. तिलेच विचारा ना."

"विचारलं, आन ती म्हणाली आता काही होत नाही, तं?"

मंगलाबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. हा माणूस नुसत्या झाडासाठी भीत नाही, हे तिला तेव्हा कळलं. तिनंच नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला.

"दीपा, हेबीबाई चालली व," तो कसाबसा बोलला. "पाणी तं मी लय देतो."

"लय म्हणजे किती?"

"धुरा घातला ना. पाणी उभंच राहते."

"बाबा, ते काय धान आहे? तिचे मुळं सडून राहिले. धुरा फोडा. हिरवे शेंडे असतील ते बोटभर कापा, खालचे पानं काढा आन रेतीत लावा. सकाळचं ऊन, दुपारी सावली. माती सुकल्याबिगर पाणी देऊ नका."

तो हो हो म्हणत राहिला. मग पलीकडचा आवाजच ओला झाला.

"तुळस पण गेली, बाबा. पहिल्याच थंडीत."

"मंग मस्त आहे म्हणत होती ते?"

"तुमाले वाटलं असतं, मी पण तशीच…"

इश्वर ओट्यावर बसला. बाप अशी पैज लावणार, हे लेकीनं त्याच्याआधीच ओळखलं होतं.

"खरं सांग. तू रुजली का तिथं?"

"पहिल्या वर्षी लय रडली. आता रुजून राहिली. पण तुमी दिवसातून तीनदा फोन करता ना, तेव्हा मन पुन्हा घरीच येते. मंग दिवसभर कशात लागत नाही. मलेबी थोडं सुकू द्या, बाबा."

इश्वरला ते लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं.

धुरा फोडला म्हणून जन्मभर शेजाऱ्यांशी भांडलेल्या त्या माणसानं स्वतःच्या फावड्यानं धुरा फोडला. चुलबंद नदीची रेती आणून त्यात सात शेंडे लावले. आणि फोन करायचा तो फक्त रविवारी, असं ठरवून टाकलं. पहिल्या दिवशी तो फोनपर्यंत पाचदा जाऊन परत आला.

सहा शेंडे काळे पडले. महिना उलटल्यावर, एका गुरुवारी, सातव्याला दोन नवी पानं फुटलेली दिसली. इश्वर लगबगीनं घरात शिरला आणि त्यानं फोन उचलला.

"माती सुकली का?" चुलीपुढून मंगलाबाईनं विचारलं.

त्यानं फोन खाली ठेवला. डोळे भरून आले होते, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तेवढ्यात फोन वाजला.

"काही काम नोहोतं, बाबा," दीपमाला म्हणाली. "आठवण आली म्हणून मीच केला."