डावा कोपरा

माझ्या भाड्याच्या घरात बसायची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये जमिनीत एक पितळी पट्टी बसवलेली आहे. दोन बोटं रुंद, कडांना काळपट, मधोमध मात्र घासून लख्ख झालेली. घरात जाऊन-येऊन ती झिजली असावी असं कुणालाही वाटेल. ती मी झिजवली. माझ्या लेखी ती मध्यरेषा होती.

वर्षभरासाठी इकडे प्रयोगशाळेत कामाला यायचं ठरलं, तेव्हा मावशीने एकच अट घातली होती: सराव सुटता कामा नये. मावशी आमच्या कबड्डी संघाची प्रशिक्षक. मी डावा कोपरा सांभाळते. चढाईला कुणी आत आलं की त्याचा घोटा धरायचा, हे माझं काम. इथे धरण्यासारखा घोटा मिळेना, म्हणून मी चाकाच्या खुर्चीचा पाय धरत असे. खुर्ची बेभरवशाची निघाली. एकदा तिने मलाच ओढत ओट्यापर्यंत नेलं.

दम टिकवण्याचा सराव घरी जमेना. शेजारच्या आजींनी घरमालकाकडे तक्रार केली, की ही बाई रोज कुणाशी तरी भांडते आणि समोरच्याला एक शब्द बोलू देत नाही. मग मी प्रयोगशाळेतली, नमुने ठेवायची थंड खोली निवडली. दार जाड, आत कुणी फारसं फिरकत नाही, आणि तोंडातून वाफ दिसत असल्यामुळे दम कुठे कमी पडतो तेही कळतं.

तिथेच घोळ झाला. एका सहकाऱ्याने दाराला कान लावला आणि आतल्या यंत्रातून चमत्कारिक खडखड येतेय असं कळवलं. मेकॅनिक आला. त्यानेही कान लावला, गंभीरपणे मान हलवली आणि बेअरिंग गेल्याचं निदान केलं. नमुने तातडीने हलवायचं ठरलं. ट्रॉल्या आल्या, दार उघडलं, तर आत मी. कानटोपी घातलेली, गुडघ्यांत वाकलेली, तोंडाने कबड्डी कबड्डी चालूच.

मेकॅनिकने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सहकाऱ्याला विचारलं, "हिला बंद कुठून करायचं?"

साहेबांपुढे सगळं सांगावं लागलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांना खेळात रस वाटला. साहेबांना रस वाटला की सुटका नसते. ते बोलायला लागले की ऐकणाऱ्याची मान आपोआप हो म्हणते. आणखी एक वर्ष थांब, असं ते मला कित्येक आठवडे सांगत होते. नाही म्हणायला मी तोंड उघडलं की त्यांचा 'पण' आधीच हजर. म्हणून मी दर वेळी 'बघते' एवढंच म्हणे.

मावशीलाही मी तेच सांगत होते. साहेबांनी प्रयोगशाळेतच कबड्डीचा एक सामना ठरवला, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी मावशीचा फोन आला. "डावा कोपरा किती दिवस रिकामा ठेवू गं? उद्या मला संघ जाहीर करायचाय. तू नसलीस तर दुसरीला घेते. का तुझ्या त्या खुर्चीलाच घेऊ?"

मी म्हणाले, बघते. मावशीने फटकन फोन ठेवला. असं ती कधी करत नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीतली टेबलं भिंतीला सरकवली गेली. जमिनीवर चिकटपट्टीची रेषा आली. मेकॅनिक पंच झाला, कारण शिट्टी त्याच्याकडेच होती. नियम मी सगळ्यांना नीट समजावला: रेषा ओलांडून आत आल्यापासून परत जाईपर्यंत तोंडात कबड्डीशिवाय दुसरा शब्द नको. बोलला की बाद.

पहिली चढाई अर्थात साहेबांची. टाय खांद्यावर टाकून, कबड्डी कबड्डी करत ते आत आले आणि त्यांनी माझ्या दिशेने पाय लांबवला. मी झेप घेतली. वर्षभराने हाताला खरा घोटा लागला, मोज्यातला, गरम, बिनचाकांचा. साहेब एका पायावर डुलत राहिले, पण हार मानेनात. चेहरा लाल झाला तरी कबड्डी सुटली नाही.

मी जमिनीवरून वर पाहिलं. त्यांना 'पण' म्हणताच येत नव्हतं.

"साहेब," घोटा न सोडता मी म्हणाले, "पुढचं वर्ष मी थांबणार नाही. मी घरी जातेय."